वाचकांचे प्रश्न : मास्ट पेशींना वाढवते कोण?

गेल्या अंकात, अंगावर गांधी का उठतात या प्रश्नाचे उत्तर देताना मी हिस्टामिन या खाज आणि सूज आणणाऱ्या रसायनाने भरलेल्या मास्ट पेशींचा उल्लेख केला होता आणि या पेशी किती वाढतील, किती जगतील हे सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिने ठरवतात, एवढेच सांगून पुढे गेलो होतो. त्या एका वाक्यावर मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी लातूरला नीटची तयारी करते. आमच्या पुस्तकात मास्ट पेशी हिस्टामिन सोडते एवढेच दिले आहे. ती मुळात जन्मते कुठे? आणि रक्ताच्या काचपट्टीवर ती कधीच का दिसत नाही?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याचे उत्तर सोबत घेऊनच आला आहे. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली, विद्यार्थिदशेतील आपल्या प्रबंधात, ॲनिलिन रंगांनी रंगवलेल्या संयोजी ऊतींमध्ये दाणेदार पेशींचे वर्णन केले, त्या या मास्ट पेशी. त्या संयोजी ऊतींमध्ये सापडल्या, म्हणून त्या तिथेच तयार होत असाव्यात असा समज पुढे कित्येक दशके टिकून राहिला. जपानमधील युकिहिको कितामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली एका साध्या युक्तीने हा समज मोडीत काढला. उंदरांच्या एका जातीत मास्ट पेशींमधील दाणे जन्मतःच अवाढव्य असतात, त्यामुळे त्या पेशी चटकन ओळखता येतात. या जातीची अस्थिमज्जा दुसऱ्या, किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना दिली, तेव्हा काही काळाने त्या उंदरांच्या ऊतींमध्येही मोठ्या दाण्यांच्या मास्ट पेशी दिसू लागल्या. म्हणजे उगम अस्थिमज्जेत आहे, हे सिद्ध झाले.

मात्र अस्थिमज्जेतून पक्व मास्ट पेशी बाहेर पडत नाही. तांबड्या पेशी किंवा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ तयार होऊनच रक्तात उतरतात, पण मास्ट पेशीची पूर्वपेशी मात्र अपक्व अवस्थेतच रक्तात येते, थोडा काळ फिरते आणि त्वचा, फुप्फुस, आतडे अशा एखाद्या ऊतीत शिरून तिथे आपले उरलेले शिक्षण पूर्ण करते. रक्तातील या पूर्वपेशींची संख्या अत्यल्प असते आणि त्यांच्यात ओळखीचे दाणेही भरलेले नसतात, त्यामुळे नेहमीच्या काचपट्टीवर त्या दिसत नाहीत. पृष्ठभागावरील सीडी-३४ आणि किट या खुणांच्या आधारे, विशेष यंत्रांनीच त्या निवडून काढाव्या लागतात. ऊतीत पोचल्यानंतर मात्र ही पेशी महिनोन्महिने टिकते.

आता ऊतीत तिला वाढवणारा घटक कोणता, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचेही उत्तर उंदरांनीच दिले. डब्ल्यू आणि एसएल या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, जनुकदोष असलेल्या दोन जातींच्या उंदरांमध्ये मास्ट पेशी जवळजवळ नसतातच, शिवाय दोन्हींच्या अंगावरील केसांचा रंगही उडालेला असतो. बाहेरून दोन्हींचा दोष सारखाच दिसतो. कितामुरा यांनी १९७८ आणि १९७९ साली दाखवून दिले की डब्ल्यू उंदराला निरोगी अस्थिमज्जा दिली तर त्याच्या मास्ट पेशी भरून येतात, परंतु एसएल उंदराला निरोगी मज्जा देऊनही काही उपयोग होत नाही. याचा अर्थ असा की पहिल्याच्या पेशींतच खोट आहे, तर दुसऱ्याच्या पेशी चांगल्या असून त्यांना सांभाळणाऱ्या ऊतींत खोट आहे. जीवशास्त्रातील इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो, आणि नीटच्या पुस्तकात त्याला दोन ओळीसुद्धा मिळू नयेत याचे मला वाईट वाटते. पुढे १९८८ साली डब्ल्यूचा दोष किट नावाच्या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर निरोप टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात असल्याचे कळले आणि १९९० साली अनेक संशोधक गटांनी जवळपास एकाच वेळी त्या रिसेप्टरला जुळणारे प्रथिन शोधून काढले. तेच स्टेम सेल फॅक्टर, म्हणजे एससीएफ, आणि तेही एक सायटोकाइनच. एसएल उंदरांच्या ऊती हेच प्रथिन नीट बनवू शकत नव्हत्या.

माणसात एससीएफचे जनुक १२ व्या गुणसूत्रावर, तर किटचे ४ थ्या गुणसूत्रावर आहे. ऊतींचे धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी, त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनोसाइट अशा अनेक पेशी एससीएफ तयार करतात. त्याचा एक प्रकार तो बनवणाऱ्या पेशीच्याच पृष्ठभागाला चिकटून राहतो, आणि म्हणून मास्ट पेशी त्या शेजाऱ्यांना धरून राहते, तर दुसरा सुटून आसपासच्या द्रवात मिसळतो. एससीएफ किटला जोडले गेले की दोन किट रेणू एकत्र येतात, पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि तिच्यातून चार-पाच निरनिराळी कामे होतात : पूर्वपेशी विभागते, दाणे भरू लागतात, पेशी ऊतीकडे ओढली जाते, तिथे चिकटते आणि मुख्य म्हणजे जिवंत राहते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मास्ट पेशींचे एससीएफ काढून घेतले, तर त्या काही दिवसांत स्वतःचा नाश ओढवून घेतात.

हे सारे माणसाच्या शरीरातही असेच घडते का, याचा पुरावा थोड्या वेगळ्या वाटेने मिळाला. रक्तपेशींची वाढ व्हावी या हेतूने स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना कृत्रिमरीत्या बनवलेले मानवी एससीएफ त्वचेखाली टोचण्यात आले होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांनुसार, टोचल्या जागी गांधी उठल्या, तिथल्या मास्ट पेशींनी आपले दाणे सोडले होते, आणि काही दिवसांच्या उपचारानंतर टोचलेल्या जागेपासून दूरच्या त्वचेतही मास्ट पेशींची संख्या वाढलेली आढळली. एकच प्रथिन या पेशींना वाढवतेही आणि चेतवतेही, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रश्न : परभणी येथे मी जीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. एका पुस्तकात ‘इंटरल्यूकिन-३ हा मास्ट पेशींचा प्रमुख वाढघटक आहे’ असे विधान आहे, तर दुसऱ्यात मानवी मास्ट पेशी इंटरल्यूकिन-३ ला दाद देत नाहीत असे म्हटले आहे. इंटरल्यूकिन-४ बद्दलही असाच गोंधळ आहे : कुठे ते पेशी वाढवते, कुठे मारते. परीक्षेत काय लिहावे?

उत्तर : दोन्ही पुस्तके बरोबर असू शकतात, कारण त्यांतील पेशी वेगवेगळ्या आहेत. सायटोकाइनबद्दलचे कोणतेही विधान वाचताना तीन गोष्टी विचारण्याची सवय लावून घ्यावी : पेशी कोणत्या प्राण्याची, ती पूर्वपेशी की पक्व, आणि ती कोणत्या ऊतीतून घेतली. या तीन प्रश्नांची उत्तरे दिलेली नसतील, तर ते विधान उत्तरपत्रिकेत उतरवण्याच्या लायकीचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंटरल्यूकिन हा सायटोकाइनचाच एक गट, त्यातील इंटरल्यूकिन-३ चे उदाहरण घेऊ. उंदराची अस्थिमज्जा केवळ इंटरल्यूकिन-३ असलेल्या द्रवात चार-सहा आठवडे वाढवली की तिच्यात जवळजवळ फक्त मास्ट पेशी उरतात. ही पद्धत सोपी असल्यामुळे १९८० च्या दशकापासून मास्ट पेशींवरचे असंख्य प्रयोग अशाच पेशींवर झाले आणि त्यांचे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत ‘मास्ट पेशी’ या सर्वसाधारण नावाखाली शिरले. मानवी अस्थिमज्जेवर तोच प्रयोग केला तर मास्ट पेशींऐवजी मुख्यतः बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशी मिळतात. माणसाच्या फुप्फुसातून थेट काढलेल्या पक्व मास्ट पेशींवर तर इंटरल्यूकिन-३ चा रिसेप्टर आढळलेला नाही. तरीही हे सायटोकाइन माणसात अगदीच निरुपयोगी आहे असे नाही, कारण सुरुवातीच्या पूर्वपेशींना ते तगवते आणि त्यांची संख्या वाढवते. म्हणूनच मानवी मास्ट पेशी वाढवण्याच्या रूढ पद्धतीत नाळेच्या रक्तातून, परिघीय रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून सीडी-३४ खूण असलेल्या पेशी निवडतात, पहिला आठवडा एससीएफ, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-३ अशी तिन्ही देतात, आणि त्यानंतर इंटरल्यूकिन-३ बंद करून उरलेली दोन सात-आठ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवतात. घाई केली तर दाणे अर्धवट भरलेल्या पेशी हाती येतात आणि त्यांच्यावरून काढलेले निष्कर्षही अर्धवटच राहतात.

पूर्वपेशींबद्दल एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे इमॅटिनिब हे औषध किट रिसेप्टरचेही काम थांबवते. ते घेणाऱ्या रुग्णांच्या ऊतींमधील मास्ट पेशी कमी होतात, परंतु त्यांच्या रक्तात फिरणाऱ्या पूर्वपेशी शिल्लक राहतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच अभ्यासात, एससीएफ नसतानाही इंटरल्यूकिन-३ किंवा इंटरल्यूकिन-६ पूर्वपेशींना जगवू शकते, हेही आढळले. तेव्हा ‘एससीएफशिवाय मानवी मास्ट पेशी नाही’ हे वाक्य पक्व पेशींपुरते खरे असून पूर्वपेशींना ते तितक्याच ताकदीने लागू होत नाही.

इंटरल्यूकिन-४ चा गोंधळ याच धाग्याने सुटतो. नाळेच्या रक्तापासून किंवा गर्भाच्या यकृतापासून वाढवलेल्या कोवळ्या मास्ट पेशींना इंटरल्यूकिन-४ दिले तर त्यांतील बऱ्याच पेशी मरतात, आणि सोबत इंटरल्यूकिन-६ असेल तर त्यांतील काही वाचतात. उलट प्रौढ माणसाच्या आतड्यातून काढलेल्या पक्व मास्ट पेशींना एससीएफसोबत इंटरल्यूकिन-४ दिले की त्या अधिक जोमाने विभागतात आणि चेतवल्यावर अधिक रसायने सोडतात. जुलैत सोयाबीनचे कोवळे पीक तगवणारा पाऊसच सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेंगा वाळलेल्या असताना, तेच पीक कुजवतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. इथे क्रम उलटा आहे, एवढाच फरक. जगणाऱ्या पेशींवर इंटरल्यूकिन-४ आणखी एक काम करते, आणि ॲलर्जीच्या दृष्टीने ते संख्येपेक्षाही महत्त्वाचे आहे. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर आयजीई हे ॲलर्जीतले प्रतिपिंड धरून ठेवणारे रिसेप्टर असतात, त्यांची संख्या ते वाढवते. स्वतः आयजीईसुद्धा हे रिसेप्टर वाढवते आणि दोन्ही मिळून अधिकच वाढवतात. त्यामुळे पेशींची संख्या तेवढीच राहूनही शरीर अधिक ॲलर्जिक होऊ शकते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो. इंटरल्यूकिन-९ हे एससीएफच्या जोडीने मानवी पूर्वपेशींची वाढ अधिक जोरकस करते. एससीएफ आणि इंटरल्यूकिन-४ यांच्या सोबत इंटरल्यूकिन-५ दिल्यास नाळेच्या रक्तापासून झालेल्या पेशी अधिक विभागतात. वाढीला लगाम घालणारीही काही सायटोकाइन आहेत. इंटरफेरॉन-गॅमा पूर्वपेशींपासून मास्ट पेशी तयार होणे रोखते, पण पक्व पेशींवर तेच आयजीजी प्रतिपिंडाचा एक रिसेप्टर आणून ठेवते, म्हणजे पेशी कोणत्या प्रतिपिंडाला प्रतिसाद देईल हेच बदलते. टीजीएफ-बीटा आतड्यातील मानवी मास्ट पेशींची वाढ कमी करते. जीएम-सीएसएफ पूर्वपेशींना दुसऱ्या वाटेला, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट आणि मॅक्रोफेज या इतर संरक्षक पेशींकडे वळवते. परीक्षेच्या उत्तरात ही नावे ओळीने लिहिण्याऐवजी प्रत्येकासमोर ‘कोणत्या पेशीवर’ हे लिहिले तर परीक्षकाच्या ते ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

संशोधनाकडे वळण्याचा विचार असेल तर पेशी-वाणांबद्दलही, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींबद्दलही, सावध राहावे. १९८८ साली प्रसिद्ध झालेला एचएमसी-१ हा वाण मास्ट पेशींचा ल्युकेमिया झालेल्या रुग्णाच्या पेशींपासून मिळवलेला आहे, आणि त्यातील किट रिसेप्टर उत्परिवर्तनामुळे सतत चालूच असतो, त्यामुळे या पेशींना एससीएफ लागतच नाही. वाढघटकांचा परिणाम तपासण्यासाठी असा वाण घेणे म्हणजे प्रश्नच चुकवणे होय. २००३ सालचा एलएडी-२ हा वाण एससीएफवर अवलंबून असतो आणि संथपणे वाढतो, त्यामुळे या कामाला तो अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : मी नांदेडला विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. त्वचेच्या बायोप्सीत टोल्युडीन ब्ल्यू या रंगाने मास्ट पेशी सहज दिसतात, पण आतड्याच्या बायोप्सीत त्या कमी दिसतात. खरोखरच कमी असतात का?

उत्तर : बहुधा नसतात, आणि ‘कमी दिसतात’ हे आपले शब्द अगदी नेमके आहेत. मानवी मास्ट पेशींचे ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. एका प्रकाराच्या दाण्यांमध्ये ट्रिप्टेज हे एकच मुख्य एन्झाइम असते, आणि फुप्फुसातील वायुकोश व लहान आतड्याचे अंतःस्तर इथे हा प्रकार प्रामुख्याने आढळतो. दुसऱ्यात ट्रिप्टेजबरोबर कायमेज, कार्बॉक्सिपेप्टिडेज आणि कॅथेप्सिन-जी असतात, आणि तो त्वचेत व आतड्याच्या खालच्या थरात अधिक असतो. पहिल्या प्रकाराच्या पेशी फॉर्मलिनमध्ये ठेवल्यावर रंग नीट घेत नाहीत, म्हणून टोल्युडीन ब्ल्यूवर विसंबल्यास आतड्याची गणती कमी येते. ट्रिप्टेज किंवा सीडी-११७ यांचे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने, केलेले रंजन ही अडचण दूर करते. सीडी-११७ हे किटचेच दुसरे नाव आहे, त्यामुळे ज्या रिसेप्टरवर या पेशीचे जगणे अवलंबून आहे त्याच्याच आधारे आपण तिला ओळखत असतो.

हे दोन प्रकार कशामुळे होतात, याचे उत्तर पुन्हा सायटोकाइनकडे नेते. टी-पेशी या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची कमतरता असलेल्या रुग्णांच्या आतड्यात फक्त ट्रिप्टेज असलेल्या मास्ट पेशी फार घटलेल्या असतात, मात्र कायमेज असलेल्या पेशी टिकून असतात, असे १९८० च्या दशकातच दिसून आले होते. म्हणजे अंतःस्तरातील प्रकाराला टी-पेशींच्या सायटोकाइनची मदत लागते, तर त्वचेसारख्या ऊतीतील प्रकार प्रामुख्याने तिथल्याच पेशींच्या एससीएफवर भागवतो, असा अर्थ त्यातून काढला गेला. वाढवलेल्या पेशींमध्ये इंटरल्यूकिन-४ मुळे कायमेज असलेल्या पेशींचे प्रमाण वाढते, हेही दिसले आहे. दोन्ही प्रकार एकमेकांत किती सहज बदलतात याविषयी मतभेद आहेत, पण त्यांना दोन स्वतंत्र जाती समजण्यापेक्षा ऊतीने घडवलेल्या दोन अवस्था समजणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

प्रश्न : आम्ही हिंगोली जिल्ह्यातले हळद उत्पादक. हळद शिजवून वाळवल्यावर पॉलिश करताना खूप धूळ उडते. माझ्या पत्नीला दरवर्षी त्या दिवसांत शिंका येतात, गेल्या काही वर्षांपासून धाप लागते आणि अंगावर गांधीही उठतात. वर्षानुवर्षे धूळ खाल्ल्याने या पेशी वाढत जातात का? शेजारी म्हणतात की हे सगळे बांधावरच्या गाजर गवतामुळे होते.

उत्तर : श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला वारंवार इजा होत राहिली की ते अस्तर स्वतःच टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ ही सायटोकाइन सोडू लागते. मास्ट पेशींवर या दोन्हींचे रिसेप्टर असतात, आणि त्यांच्यामुळे आयजीई नसतानाही या पेशी आणखी सायटोकाइन सोडू लागतात. दम्याच्या रुग्णांमध्ये मास्ट पेशी श्वासनलिकेच्या स्नायूंच्या थरात शिरलेल्या आढळतात, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. त्या स्नायूंच्या पेशीसुद्धा एससीएफ तयार करतात, त्यामुळे तिथे आलेल्या मास्ट पेशींना मुक्काम वाढवायला कारण मिळते. तेव्हा ‘वाढतात का’ याचे उत्तर ‘काही ठिकाणी वाढतात आणि चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतात’ असे द्यावे लागेल. मात्र आपल्या पत्नीला नेमके हेच झाले आहे की धुळीने श्वासनलिकांचा केवळ दाह होतो आहे, हे स्पायरोमेट्रीने फुप्फुसांची तपासणी केल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. धाप लागत असेल तर ही तपासणी पुढच्या हंगामापर्यंत लांबवू नये.

औषधांपैकी सेटिरिझिनसारख्या गोळ्या मास्ट पेशींची संख्या कमी करत नाहीत, त्या फक्त सुटलेल्या हिस्टामिनला अडवतात. श्वासावाटे घ्यायची किंवा त्वचेवर लावायची स्टेरॉइड औषधे अधिक खोलवर काम करतात. त्वचेवर नियमित लावल्यास तिथल्या मास्ट पेशी कमी होतात हे माणसात दिसले आहे, आणि त्याचे एक कारण म्हणजे ऊतीतील पेशी एससीएफ कमी बनवू लागतात हे उंदरांवरील प्रयोगांतून कळले आहे. ही माहिती मी थोडा बिचकतच देतो आहे, कारण औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा मलम मागून घेण्याचे प्रमाण आपल्या भागात आधीच काळजी करण्याइतके आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेबाहेर ती घेऊ नयेत. टीएसएलपीलाच अडवणारे टेझेपेलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२१ साली तीव्र दम्यासाठी मंजूर झाले, आणि आयजीईला बांधून ठेवणारे ओमालिझुमॅब तर त्याहून जुने आहे, पण ही औषधे महाग असून नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी राखलेली असतात. आपल्या घरी आधी करायच्या गोष्टी साध्या आहेत : पॉलिशचे यंत्र बंद खोलीत किंवा वाऱ्याच्या तोंडाशी लावू नये, कामाच्या वेळी साध्या रुमालाऐवजी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा, आणि त्या दिवसांत पत्नीला ते काम देऊच नये.

गाजर गवताबद्दल शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्याच्या परागकणांनी नाक चोंदणे, शिंका येणे हे घडू शकते आणि त्यात मास्ट पेशींचा हात असतो. पण त्याच्या संपर्काने चेहरा, मान आणि हातांवर येणारा, दिवसेंदिवस टिकणारा खाजरा चट्टा मुख्यतः टी-पेशींमुळे, एक-दोन दिवसांच्या विलंबाने उमटतो. मिनिटांत उठून काही तासांत मावळणाऱ्या गांधी ही वेगळी गोष्ट आहे.

प्रश्न : उदगीर येथून. मी पशुवैद्यक आहे. किट जनुकाचा संबंध केसांच्या रंगाशी आहे असे वाचले. माणसातही तसे दिसते का?

उत्तर : होय. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींनासुद्धा भ्रूणावस्थेत आपल्या जागी पोचण्यासाठी आणि जगण्यासाठी किट लागतो. किटच्या एका प्रतीत विशिष्ट दोष असलेल्या माणसांना जन्मतःच कपाळावर पांढरी बट आणि अंगावर पांढरे पट्टे असतात. या अवस्थेला पायबाल्डिझम म्हणतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. हे कोड नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांची त्वचा उजळते, त्यामागेही हेच कारण आहे. सायटोकाइन एक, पण त्याला ऐकणाऱ्या पेशी अनेक, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय.

प्रश्न : जालन्याहून एका वाचकाने विचारले आहे, की सायटोकाइन वाढवणारा किंवा कमी करणारा काही आहार अथवा काढा आहे का?

उत्तर : मास्ट पेशींच्या संख्येवर माणसात निश्चित परिणाम करतो असे सिद्ध झालेला एकही काढा किंवा आहार मला दाखवता येणार नाही. ‘सायटोकाइन संतुलित करणारे’ असे छापलेल्या डब्यावर पैसे खर्च करू नयेत.

प्रश्न : बीड जिल्ह्यातून. आमच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पाठीवर आणि पोटावर तपकिरी डाग आहेत. ते चोळले की फुगतात आणि लाल होतात. त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी करून मास्टोसायटोसिस असे निदान केले. इंटरनेटवर वाचून घरात सगळे घाबरले आहेत. त्याच्या शरीरात एससीएफ जास्त आहे का? हा कर्करोग आहे का?

उत्तर : आपण बायोप्सी करून घेतलीत हे योग्यच केले. चोळल्यावर डाग फुगणे ही या आजाराची जुनी आणि भरवशाची खूण आहे, कारण डागात दाटीने बसलेल्या मास्ट पेशी घासल्या गेल्याने हिस्टामिन सोडतात. तेव्हा मुलाचे डाग कोणीही ‘बघू या’ म्हणून चोळू नयेत, आणि पाहुण्यांनाही तसे सांगावे.

मास्ट पेशी प्रमाणाबाहेर साठण्याच्या या आजारात बहुतेक वेळा एससीएफ जास्त झालेले नसते, तर ते ऐकणारा किट रिसेप्टर बिघडलेला असतो. त्याच्या जनुकात बदल झाल्यामुळे निरोप आलेला नसतानाही तो आलाच आहे अशा रीतीने रिसेप्टर चालू राहतो आणि पेशी जमत जातात. हा बदल सहसा आईवडिलांकडून येत नाही, तो जन्मापूर्वी एखाद्या पेशीत आपोआप झालेला असतो, म्हणून त्याचा दोष कोणाकडेही जात नाही. प्रौढांमध्ये हा आजार बहुतेक वेळा हाडांच्या मज्जेपर्यंत पोचलेला असतो आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य रुग्णांत किटच्या ८१६ व्या जागेवरील एकच विशिष्ट उत्परिवर्तन सापडते. ते १९९५ साली प्रथम रुग्णांमध्ये आढळले. त्या उत्परिवर्तनावर इमॅटिनिब चालत नाही, म्हणून मिडोस्टॉरिन हे औषध २०१७ साली आणि ॲव्हाप्रिटिनिब २०२१ साली अमेरिकेत आजाराच्या गंभीर प्रकारांसाठी मंजूर झाले, तर ॲव्हाप्रिटिनिबला सौम्य प्रकारासाठी २०२३ साली मंजुरी मिळाली. इंटरनेटवर आपण जे वाचलेत ते बहुधा या प्रौढांच्या, आणि त्यातही गंभीर प्रकाराबद्दलचे असावे.

लहान मुलांचे चित्र वेगळे असते. त्यांच्यात हा आजार बहुतेक वेळा त्वचेपुरताच मर्यादित राहतो आणि अनेक मुलांमध्ये वयात येईपर्यंत डाग फिके होतात किंवा पूर्ण जातात. रक्तातील ट्रिप्टेजची पातळी एकदा तपासून घ्यावी. ती प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या वर असेल, किंवा यकृत-प्लीहा वाढलेली असेल, किंवा रक्ताच्या तपासणीत दोष असेल, तर तज्ज्ञ पुढील तपासण्यांचा विचार करतात. सारे ठीक असेल तर लहान मुलांची मज्जा सहसा काढून पाहत नाहीत.

घरी पाळायच्या गोष्टींत पहिली म्हणजे अचानक बदलणारे तापमान, फार गरम पाण्याने आंघोळ आणि खरखरीत कपडे टाळणे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि कोडीनसारखी अफूवर्गीय औषधे काही रुग्णांत मास्ट पेशींना चेतवतात, म्हणून तापासाठीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच औषध द्यावे. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून संपूर्ण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला किंवा मूल गळून गेले तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे, आणि त्या परिस्थितीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे हे लक्षात असू द्यावे. मास्टोसायटोसिस असे निदान लिहिलेला कागद मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबतच ठेवावा आणि कोणतीही भूल देण्यापूर्वी, मग ती दातांच्या उपचारासाठी का असेना, तो भूलतज्ज्ञांना दाखवावा. ठरलेल्या लसी थांबवण्याचे कारण सहसा नसते, परंतु लस दिल्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहावे.